वाट नव्या गाडीची, हिशेब घरचा

मे महिना म्हटला की आमच्याकडे लग्नसराई, आंब्याचा रस आणि गच्चीवरच्या कुरडया-पापड्या, एवढेच विषय असतात. २०२४ च्या मे महिन्यात मात्र त्यात आणखी एका विषयाची भर पडली होती. नवी 'स्विफ्ट'! ९ मे २०२४ ला ती बाजारात आली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून पोरांच्या तोंडी तिचंच नाव होतं. आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली, तेव्हापासून 'नवी येतेय, नवी येतेय' असा घोष सुरू झाला. ज्यांच्या खिशात पेट्रोलला दोनशे रुपये नाहीत, त्यांनाही तिच्या दिव्यांचा आकार तोंडपाठ. १ मे पासून ११ हजार रुपये भरून नोंदणी सुरू झाली, तेव्हा तर घराघरात आईच्या मागे भुणभुण लागली. कारण अशा कामांसाठी वडिलांकडे जाण्याचा रस्ता आईवरूनच जातो ना!

आमचं बेलापूर म्हणजे नवी मुंबईतलं नव्हे, बरं का! प्रवरेकाठचं, श्रीरामपूर तालुक्यातलं. रेल्वे स्टेशनला नाव बेलापूरचं, पण स्टेशन मात्र श्रीरामपुरात, अशी आमची गंमत. इथल्या गाड्यांचं पासिंग एम. एच. १७. सगळा उसाचा पट्टा. त्यामुळे इथं गाडी घ्यायची म्हणजे उसाचं पेमेंट, सोसायटीचं कर्ज, मुलीचं लग्न आणि बोअरचा खर्च यांच्या रांगेत गाडीला उभं करायचं. अशा गावातल्या बायकांनी गाड्यांच्या बातम्यांत लक्ष घालावं का? माझं म्हणणं, घालावंच. कारण या 'वाट पाहण्या'ची किंमत शेवटी घराच्या हिशेबातून जाते, आणि तो हिशेब आपल्याकडे असतो.

आधी थोडं समजून घेऊ. हॅचबॅक म्हणजे मागे वेगळी डिकी नसलेली, पाचवा दरवाजा वर उघडणारी आटोपशीर गाडी. त्यातली 'स्पोर्टी' म्हणजे अंगाने लहान पण पिकअपला चपळ. वळणावर न झुलणारी, स्टेअरिंग फिरवलं की लगेच ऐकणारी. आपल्याकडे सर्वसामान्य घरांना या प्रकाराची गोडी लावली ती स्विफ्टनेच. मे २००५ मध्ये ती आली तेव्हा घरची गाडी म्हणजे चौकोनी डबा, अशीच समजूत होती. ही मात्र गुबगुबीत, खांदे रुंद केलेल्या पैलवानासारखी. पोरांना ती आवडली. घरातल्या मोठ्यांना तिच्यावरचं 'मारुती' हे नाव आवडलं. दोघांचंही समाधान झालं.

त्यानंतरच्या तारखा बघा. दुसरी पिढी ऑगस्ट २०११ मध्ये आली. त्या वर्षी मानेसरच्या कारखान्यात संप आणि टाळेबंदी झाली, आणि आधीच लांब असलेली प्रतीक्षायादी आणखी लांबली. तिसरी आली फेब्रुवारी २०१८ मध्ये, चौथी मे २०२४ मध्ये. म्हणजे दर सहा-साडेसहा वर्षांनी नवी पिढी. शाळा-कॉलेजच्या वर्षांसारखा हा हिशेब ठरलेला आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती आपल्या उपयोगाची आहे. जून २०२४ पर्यंत भारतात ३० लाख स्विफ्ट विकल्या गेल्याचं कंपनीने जाहीर केलं, आणि २०२३ या वर्षी तर ती देशात सगळ्यात जास्त खपलेली गाडी होती. तेव्हा हे वेड काही मूठभर श्रीमंतांचं नाही. ते आपल्याच घरातलं आहे.

आता खऱ्या शौकिनांकडे वळू. त्यांना साधी स्विफ्ट पुरत नाही. त्यांना हवी असते 'स्विफ्ट स्पोर्ट'. ही तिची जपानमध्ये आणि युरोपात विकली गेलेली थोरली, तापट बहीण. २०१७ साली जपानमध्ये आलेल्या स्पोर्टची ताकद १४० पीएस आणि वजन टनाच्या आत. आपल्या नव्या स्विफ्टची ताकद साधारण ८२ पीएस. म्हणजे फरक कळला का? ही स्पोर्ट भारतात कंपनीने कधीच विकली नाही. आपल्या शौकिनांनी दर पिढीला 'या वेळी तरी येईल' म्हणत वाट पाहिली. नेहमीच्या मॉडेलचं उत्पादन २०२५ च्या सुरुवातीला थांबलं आणि शेवटची विशेष आवृत्ती काढून त्या पिढीला निरोप दिला गेला. तेव्हापासून 'पुढची कधी?' या प्रश्नावर जगभरच्या शौकिनांचे तर्क सुरू झाले.

आणि मैत्रिणींनो, अशा चपळ गाड्यांचा मोठा इतिहास आपल्या महाराष्ट्रातच घडला आहे. २००१ मध्ये फियाटची 'पॅलिओ' आली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची, आणि तिच्या जाहिरातीत होता साक्षात सचिन तेंडुलकर! तिचं १६०० सीसीचं मॉडेल म्हणजे त्या काळातल्या पोरांचं स्वप्न. पण पेट्रोल इतकं प्यायची की घरातल्या बाईने नाक मुरडलंच पाहिजे. पुढे फियाटचं बस्तान रांजणगावला हललं. आपण पुण्याला जाताना महागणपतीला हात जोडतो, त्याच रांजणगावला. तिथल्या कारखान्यातून ऑक्टोबर २०१५ मध्ये 'अबार्थ पुंटो' निघाली. १४५ पीएस ताकद, आणि किंमत शोरूमला दहा लाखांच्या जरा आत. शौकिनांनी डोक्यावर घेतली, घेणाऱ्यांनी मात्र हात आखडता घेतला. काही वर्षांत पुंटोही गेली आणि फियाटच्या गाड्याही.

तिसरी 'पोलो'. ती चाकणची. २०१० पासून २०२२ पर्यंत, तब्बल १२ वर्षं ती विकली गेली. २०१३ मध्ये आलेली तिची 'जीटी टीएसआय' म्हणजे इंजिन फक्त १२०० सीसीचं, पण टर्बोमुळे १०५ पीएस ताकदीचं. तिचे चाहते इतके निष्ठावान की गाडी विकायची वेळ आली तर पोरगी सासरी पाठवल्यासारखे डोळे पुसतील. त्यांनीही वाट पाहिली होती. २०१७ मध्ये युरोपात पोलोची पुढची पिढी आली. 'आता आपल्याकडे येणार' म्हणून इकडे सगळे सरसावून बसले. ती आली नाही. जुनीच रंगरंगोटी करून विकली गेली आणि एप्रिल २०२२ मध्ये तिचा निरोप समारंभ झाला.

का नाही आली? इथे खरी गोम आहे. आपल्या सरकारने छोट्या गाडीची एक व्याख्या करून ठेवली आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. अट अशी, की लांबी चार मीटरच्या आत हवी आणि पेट्रोलचं इंजिन १२०० सीसीच्या आत. करांची नावं बदलली, पण ही रेषा कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले, त्यातही हीच रेषा. रेषेच्या आतल्या गाडीला १८ टक्के, बाहेरच्या पेट्रोल गाडीला ४० टक्के.

आता बघा कसं कोडं सुटतं ते. पहिल्या स्विफ्टचं इंजिन १३०० सीसीचं होतं. २०१० मध्ये कंपनीने ते बदलून १२०० सीसीचं बसवलं आणि गाडी रेषेच्या आत आणली. स्विफ्ट स्पोर्टचं इंजिन सुमारे १४०० सीसीचं, म्हणजे ती रेषेबाहेर. अबार्थचंही तेच. युरोपातली नवी पोलो लांबीला चार मीटरपेक्षा पाच-सहा सेंटिमीटर जास्त, म्हणजे तीही बाहेर. आपली एक वीतही नाही हो हा फरक! पण तेवढ्यावरून गाडी येते की राहते, हे ठरतं. साडीचा पदर दाराच्या फटीत अडकावा आणि अख्खी साडी फाटावी, तसं.

अर्थात नुसत्या कराला दोष देऊन चालणार नाही. वाट पाहणारे हजारो आणि विकत घेणारे शेकड्यांत, हेही तितकंच खरं. २०१६ मध्ये 'पोलो जीटीआय' भारतात आणली, ती फक्त ९९ गाड्यांसाठी आणि २५ लाख ९९ हजारांना. एवढे पैसे देऊन तीन दरवाजांची छोटी गाडी घेणारा विरळाच. पुढे तिची किंमत बरीच उतरवावी लागली. मे २०२५ मध्ये 'गोल्फ जीटीआय' आली, ५३ लाखांना. तिच्या पहिल्या दीडशे गाड्या मात्र हातोहात गेल्या. म्हणजे या शौकाची दोन टोकं झाली. एकीकडे अर्ध्या कोटीची गाडी घेणारे, दुसरीकडे मोबाइलवर तिचे व्हिडिओ पाहणारे आपले पोरगे. मधली दहा लाखांची जागा रिकामी होत गेली, आणि त्या जागेवर उंच एसयूव्ही येऊन बसल्या. २०२४ मध्ये देशात सर्वाधिक खपलेली गाडी स्विफ्ट नव्हती, 'पंच' होती. खड्डे, गतिरोधक, शेतातला रस्ता आणि सासूबाईंचे गुडघे या सगळ्यांचा विचार करणाऱ्या घराने उंच गाडी निवडली, तर त्यात नवल काय?

त्यातही टाटांनी जून २०२४ मध्ये १२० पीएसची 'अल्ट्रोझ रेसर' आणली, ह्युंदाईने २०२१ मध्ये 'आय-ट्वेंटी एन लाइन' आणली. प्रयत्न झाले. पण शौकिनांचा जीव अजून 'पुढच्या' गाडीत अडकलेला. हातातली सोडून पळत्याच्या पाठी लागण्याची ही खोड केवळ पोरांचीच आहे असं नाही म्हणा. नव्या मिक्सरची जाहिरात आली की आपलंही तसंच होतं.

२०२४ च्या नव्या स्विफ्टने या मंडळींचा कसा हिरमोड केला, तेही ऐकण्यासारखं आहे. आधीच्या गाडीला चार सिलिंडरचं, ९० पीएसचं इंजिन होतं. नवीला तीन सिलिंडरचं, ८२ पीएसचं. नवी पिढी आणि ताकद कमी? पोरांनी कपाळाला हात लावला. पण ॲव्हरेज बघा. कंपनीच्या आकड्यानुसार लिटरला २२.३८ वरून २४.८ किलोमीटरवर गेलं. सप्टेंबर २०२४ मध्ये सीएनजीचं मॉडेलही आलं. शिवाय सगळ्यात स्वस्त मॉडेललाही सहा एअरबॅगा दिल्या. मला तर यात गंमत वाटली. कंपनीने पोरांचं ऐकलंच नाही, तिने ऐकलं ते 'ॲव्हरेज किती देते?' असं विचारणाऱ्या आईबापांचं. म्हणजे घरात आपलं कोणी ऐकत नसलं, तरी जपानमध्ये ऐकतात!

हसण्यावारी नेऊ नका. बाजार आपल्या प्रश्नांनी बदलतो. म्हणून प्रश्न नीट विचारायला शिकलं पाहिजे.

पहिला प्रश्न पैशांचा. शोरूमची किंमत आणि रस्त्यावरची किंमत यात मोठी तफावत असते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के रस्ता कर आहे. वर विमा, नोंदणी, शोरूमवाला गळ्यात मारतो ते मॅट, कव्हर, कोटिंग. जीएसटी उतरल्यावर स्विफ्टची शोरूमची सुरुवातीची किंमत पावणेसहा लाखांच्या पुढे-मागे आली. पण 'सुरुवातीची' हा शब्द ध्यानात घ्या. मुलगा दाखवतो तो फोटो टॉप मॉडेलचा असतो, आणि सांगतो ती किंमत सगळ्यात खालच्या मॉडेलची.

दुसरा हिशेब हप्त्याचा. समजा सहा लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी काढलं. सात वर्षांसाठी हप्ता साधारण ९,६५० रुपये पडतो. पाच वर्षांसाठी १२,४५० च्या घरात. आपल्याला वाटतं, सात वर्षांचा हप्ता हलका, तोच घेऊ. पण सात वर्षांत व्याजच दोन लाख दहा हजारांच्या आसपास जातं, आणि पाच वर्षांत एक लाख सत्तेचाळीस हजार. म्हणजे महिन्याला हलकं वाटावं म्हणून आपण साठ हजारांहून जास्त रक्कम वर देतो. शिवाय सात वर्षांचं कर्ज फिटायच्या आत गाडीची नवी पिढी आलेली असते, आणि पोरगा म्हणतो, 'आई, आपली आता जुनी झाली!'

उसाच्या पट्ट्यात आणखी एक भानगड. हप्ता दर महिन्याला, पण पैसा येतो तो कारखाना पेमेंट करील तेव्हा. पगारदाराचा हिशेब शेतकऱ्याला लागू पडत नाही. अशा वेळी हप्ता चुकला की आधी कशावर हात जातो? कपाटातल्या डब्यावर. गाडी दारात उभी आणि पोत पतपेढीत, अशी घरं मला ठाऊक आहेत. गाडीच्या हौसेला माझा विरोध नाही. पण सोनं मोडून किंवा गहाण टाकून हौस करायची असेल, तर ज्या बाईचं सोनं आहे तिला त्या गाडीवर बोलायचा पहिला हक्क हवा. नुसतं चाकाखाली लिंबू ठेवायला आणि कुंकू लावायला बोलावलं, की झालं असं नाही.

तिसरा आणि सगळ्यात मोठा प्रश्न वेगाचा. चपळ गाडी हवी, कबूल. पण ती पळवणार कुठे? आमच्याकडे गाळप हंगामात रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. बाहेर आलेले ऊस अंधारात दिसतही नाहीत. शेजारी शिर्डी, शनिशिंगणापूर. त्यामुळे बाहेरगावच्या गाड्यांची रात्रंदिवस वर्दळ. डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डी-नागपूर समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि पोरांना 'गाडी ओढून बघायला' जागा मिळाली. तिथं मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. ती मर्यादा आहे, आव्हान नाही, हे कोणी सांगायचं? झिजलेल्या टायरवर उन्हाळ्याच्या भर दुपारी तास-दीड तास गाडी दामटली, तर टायर फुटायला वेळ लागत नाही.

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. सरकारी अहवालानुसार दहापैकी सात मृत्यूंमागे अतिवेग होता. आपल्या तालुक्याच्या गावाएवढी वस्ती दर वर्षी नाहीशी व्हावी, तसं हे आहे.

आणि नवी स्विफ्ट आली त्याच मे महिन्याची १९ तारीख आठवते ना? पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या हातातल्या पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. पुढे त्याच्या आई-वडिलांनाही अटक झाली. 'ती मोठ्यांची पोरं' म्हणून आपण सुस्कारा टाकतो. पण गावात सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती चावी देऊन 'जा रे, आजीला स्टँडवर सोडून ये' असं म्हणणारे आपणच ना? २०१९ पासून कायदा कडक झाला आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. 'माझ्या नकळत नेली' हे सिद्ध करण्याची जबाबदारीही पालकावरच येते.

सायलेन्सर बदलून फटाके वाजवणं, टायर बाहेर काढणं, इंजिनात खटपटी करणं, हेही शौकात मोडतं म्हणे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीने बनवलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. शिवाय अशा गाडीचा अपघात झाला, तर विमा कंपनीला हात झटकायला निमित्त मिळतं. सायलेन्सरचा तो आवाज पोराला संगीत वाटतो. गल्लीतल्या तान्ह्या बाळाच्या आईला विचारा काय वाटतं ते.

सुरक्षेचं म्हणाल तर, आधीच्या पिढीच्या दोन एअरबॅगच्या स्विफ्टला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाचपैकी एकच तारा मिळाला होता. नव्या पिढीच्या युरोपातल्या गाडीला तिथल्या चाचणीत २०२४ मध्ये तीन तारे मिळाले. त्याच घराण्यातल्या नव्या डिझायरने मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्लोबल एनकॅपचे पाचपैकी पाच तारे पटकावले. म्हणजे नुसत्या एअरबॅगा मोजून भागत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची 'भारत एनकॅप' चाचणी सुरू झाली आहे. शोरूममध्ये रंग विचारायच्या आधी तारे विचारा. सनरूफ नंतर.

पण तारे कितीही असले, तरी पट्टा लावला नाही तर सगळं फुकट. आपल्या बायकांची एक सवय मला फार खटकते. पुढे बसलेले पोलिसांच्या भीतीने पट्टा लावतात. मागे आपण तिघी-चौघी, साडीचा घोळ सावरत, मांडीवर बाळ घेऊन, पट्ट्याचं टोक सीटखाली दडपून टाकलेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी लाखमोलाची, भक्कम. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. धडक बसली की मांडीवरचं बाळ हातात राहत नाही, कितीही घट्ट धरलं तरी. एअरबॅग ही पट्ट्याची सोबतीण आहे, सवत नव्हे. दोघी एकत्र असतील तरच कामाच्या.

हे सगळं वाचून वाटेल, ही बाई गाड्यांच्या विरोधातच दिसते. मुळीच नाही! वेगाची, चपळ गाडीची आवड फक्त मुलांनाच असते, असं कोणी सांगितलं? पुण्याची डायना पंडोले ऑगस्ट २०२४ मध्ये मोटार शर्यतींत राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. बायकांना शर्यतीत आणणाऱ्या एका उपक्रमातून २०१८ मध्ये तिची निवड झाली होती. ती शिक्षिका आहे, आई आहे. चेन्नईची अलिशा अब्दुल्ला त्याच्या कितीतरी आधी पोलोच्या शर्यतीत मुलांबरोबर उतरली होती. ह्या बायका वेगाशी खेळतात, पण कुठे? बंदिस्त ट्रॅकवर, हेल्मेट घालून, शिस्तीत. खरा शौकीन रस्त्यावर मस्ती करत नाही, हे पोरांना सांगायला यांच्यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

आणि आपण? आपल्यापैकी कितीजणी स्कूटी सफाईने चालवतात. दूध घालतात, पोरांना शाळेत सोडतात, बाजार करतात. पण चारचाकी दारात आली की ती 'ह्यांची' आणि 'पोराची' होते. आपण मागच्या सीटवर. रात्री घरात कुणाच्या छातीत दुखू लागलं आणि गडी माणूस जागेवर नसला, तर दारात गाडी असूनही शेजाऱ्याला हाक मारायची. या गोष्टीचा विचार व्हायला हवा. स्विफ्टसारखी चार मीटरच्या आतली, गल्लीत वळणारी, हलक्या स्टेअरिंगची गाडी तर शिकायला उत्तम. गिअरची धास्ती वाटत असेल, तर ऑटो गिअरचं मॉडेलही मिळतं.

तेव्हा घरात पुन्हा 'नवी येतेय'चा घोष सुरू झाला, की एवढं करा. पहिलं म्हणजे 'नको' म्हणू नका आणि 'घे' असंही म्हणू नका. मघाशी सांगितलेलं ते सहा वर्षांचं चक्र आठवा. पुढच्या पिढीची वाट पाहायचीच असेल, तर रिकाम्या हाताने कशाला पाहायची? आजपासून पोस्टात महिन्याला पाच हजारांचं आवर्ती खातं काढलं, तर पाच वर्षांत तीन लाख मुद्दल आणि वर व्याज हातात येतं. तेवढं कर्ज कमी. त्यात निम्मे पैसे मुलाने कमवून घालायचे, अशी अटही घाला. वाट पाहणाऱ्याची निष्ठा खरी की वरवरची, ते दोन हप्त्यांत कळेल.

दुसरं, बाजारात गाडी आली की पहिल्याच महिन्यात धावू नका. थोडं थांबलं की कुरबुरी कळतात, चाचणीचे तारे कळतात. तिसरं, गाडी तुमच्या नावावर घेता येईल का, ते बघा. काही बँका महिला कर्जदाराला व्याजात थोडी सवलत देतात; विचारायला पैसे पडत नाहीत. पण कर्ज तुमच्या नावावर असेल, तर हप्त्याचा हिशेबही तुमच्या वहीत हवा. नाव बाईचं आणि कारभार दुसऱ्याचा, हा प्रकार आपण ग्रामपंचायतीत पुष्कळ पाहिला आहे.

आणि चौथं. शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हला घरातले सगळे पुरुष पाळीपाळीने बसून येतात आणि आपण सरबत पीत खुर्चीवर बसतो. तसं करू नका. लायसन्स काढलेलं असेल, तर सांगा, 'आता मी चालवून बघते.' ब्रेकवर पाय पोचतो का, मागचं नीट दिसतं का, सासूबाईंना चढता-उतरता येतं का, मागच्या सीटचे तिन्ही पट्टे हाताशी येतात का, हे तुम्हालाच कळेल. पोराला नाही कळणार. लायसन्स अजून नसेल, तर पुढच्या पिढीची गाडी यायला वेळ आहे. तेवढ्यात निघतं.